सरांकडे वळवलेला गळा

एक पिवळी तार, करंगळीएवढी.

एक कपाट, ज्याची कडी बसत नाही.

बसस्थानकावर खांबाला बांधलेला भोंगा, आणि त्यातून येणारा एका बाईचा आवाज. दहा इंजिनं घरघरत असली तरी सरळ कानात शिरणारा.

लिंबाएवढी गाठ. दुखत नव्हती.

“मग तर माझा भाऊ सुखी होईल.” यावर खोलीतले सगळे हसले.

गोल फिरणारं एक लाकडी बूड.

या गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल, मित्रांनो. संबंध मी आहे.

मी एक जुना गळा आहे. खरा नव्हे, प्लॅस्टिकचा. हनुवटीखाली सुरू होतो आणि छाती सुरू व्हायच्या आत संपतो. वर डोकं नाही, खाली पोट नाही, त्यामुळे मला ना डोकेदुखी ना भूक. जिथे डॉक्टर घडवतात अशा एका मोठ्या इस्पितळात, शस्त्रक्रिया विभागाच्या एका खोलीत, टेबलावर माझी जागा आहे. खोलीच्या दारावर पाटी आहे: ‘रुग्णास माहिती देण्याचा कक्ष’. पाटी बाहेरच्या बाजूला आहे. आत काय चालतं ते तिला दिसत नाही.

आत्मवृत्त ओळीने सांगायचं असतं, हे मी ऐकून आहे. पण माझे भाग सुटे आहेत. कातडी बिजागरीवर उघडते, स्नायू आकड्याला अडकवलेले असतात, श्वासनळी खोबणीत बसते. शिकणाऱ्या मुलांनी मला हजारदा सुटं केलं आणि दर वेळी घाईघाईने जोडलं. तेव्हा सांगताना एखादा तुकडा मागेपुढे झाला तर सांभाळून घ्या.

तार

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यात गरम प्लॅस्टिक ओतायचं, थंड झालं की ठोकून बाहेर काढायचं. मग लांबलचक बाकावर रंगकाम. लाल रंगाच्या रोहिण्या, निळ्या नीला. पिवळ्या तारा सगळ्यांत शेवटी, चिमट्याने बसवायच्या. माझ्या तारा बसवणारी बाई वैतागून शेजारणीला म्हणाली, “एवढीशी तार, तीही मागच्या खोबणीत. कोण बघणार आहे?”

शेजारीण मान वर न करता म्हणाली, “तू बसव गं. बघणारा बघतो.”

आता ही तार कसली ते सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. गळ्यात पुढच्या बाजूला, श्वासनळीला बिलगून, फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते. तिला थायरॉईड म्हणतात. तिच्या मागून, दोन्ही बाजूंनी, एकेक बारीक नस वर चढते आणि आवाजाचे पडदे हलवते. ग्रंथीत गाठ झाली आणि ती काढायची ठरली, की डॉक्टरांचं हत्यार या नसेच्या अगदी शेजारून जातं. हात कितीही चांगला असो, कधी कधी नस दुखावते. माणूस जगतो, जेवतो, कामाला जातो. आवाज मात्र फाटतो. कधी काही महिन्यांत भरून येतो, कधी येत नाही. माझ्यातल्या दोन पिवळ्या तारा म्हणजे या दोन नसा.

बोटं

इस्पितळात आलो तेव्हा ही खोली जुन्या मॅडमची होती. त्या शस्त्रक्रियेच्या प्राध्यापक होत्या, आणि त्यांची एक सवय होती. टेबलाच्या पलीकडे बसायच्याच नाहीत. खुर्ची खरडत पेशंटच्या बाजूला न्यायच्या, शेजारी बसायच्या आणि मला दोघांकडे वळवायच्या. माझ्याखाली फिरणारं लाकडी बूड आहे ते त्यांनीच सुताराकडून करून घेतलेलं.

मग मला उघडायच्या, ग्रंथी बाजूला करायच्या आणि पेशंटचं बोट धरून तारेवर ठेवायच्या.

“ही आवाजाची नस. जपणार आम्ही हिला. पण शब्द देऊ शकत नाही. दुखावली तर आवाज बसेल, कदाचित कायमचा. काम काय करता तुम्ही?”

काम विचारायच्याच. एकदा एक फळवाली होती. तारेवरचं बोट तिने चटका बसल्यासारखं काढून घेतलं.

“ओरडल्याशिवाय माल खपत नाही, मॅडम.”

“मग घरी जा. घरच्यांशी बोल. गाठ साधी आहे, कुठे पळून जात नाही. सहा महिन्यांनी बघू वाढली का ते.”

ती गेली. पुढे बऱ्याच दिवसांनी गाठ श्वासाला अडायला लागली, तेव्हा आपणहून परत आली, आणि आल्या आल्या मला म्हणाली, “काय रे, आहेस का अजून?” पेशंटने गळ्याची विचारपूस करायची, हे त्या काळात घडत होतं.

मॅडम शिकाऊ डॉक्टरांना म्हणायच्या, “माझं निम्मं काम हा गळा करतो.” एवढीच शाबासकी मला आयुष्यात मिळाली. ती मी अजून पुरवून पुरवून वापरतो.

इतकी बोटं तारांवरून फिरली, की एक दिवस डावी तार तुटली आणि केरात गेली. उजवी सैल झाली. मॅडम निवृत्त झाल्या आणि त्यानंतर ती निखळून टेबलावर पडली. खोलीतल्या कपाटाची कडी तेव्हा बसत नव्हती, दार सारखं उघडायचं. कोणीतरी तार उचलली, कडीकोयंड्यात ओवली, दोन पीळ दिले. कपाट बंद राहायला लागलं. सगळ्यांना हायसं वाटलं.

तेव्हापासून माझी आवाजाची नस हातमोज्यांची खोकी सांभाळते.

बूड

मॅडमच्या जागी मोठे सर आले. सरांच्या हातात जादू आहे असं सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. ते दुष्ट नाहीत. तुम्हाला गोष्टीत एखादा दुष्ट माणूस हवा असेल तर माझा नाइलाज आहे.

सरांनी एक नवी परीक्षा सुरू केली. शिकाऊ डॉक्टरांना नुसतं कापता-शिवता येऊन भागत नाही, समजावूनही सांगता आलं पाहिजे, असं ते म्हणाले. ज्याचं ऑपरेशन ठरलंय असा खराखुरा पेशंट स्टुलावर बसवायचा. शिकाऊ डॉक्टरने त्याला ऑपरेशन समजावून द्यायचं. सर समोरच्या खुर्चीवरून ऐकणार आणि गुण देणार. परीक्षाही होईल, पेशंटला माहितीही मिळेल. एका दगडात दोन पक्षी. कल्पना वाईट नव्हती, मित्रांनो. वाईट कल्पना लगेच ओळखू येतात, म्हणून त्या फारसं नुकसान करत नाहीत.

पहिल्याच परीक्षेत पहिल्याच मुलाने मला फिरवलं. सरांना नीट दिसावं म्हणून. गुण सर देणार होते, स्टूल देणार नव्हतं. त्याच्यामागच्या मुलीने मला तसंच ठेवलं, तिच्यामागच्याने तसंच. मग ती रीतच पडली. माझं उघडं अंग सरांकडे, पाठ पेशंटकडे. माझ्या पाठीवर एक स्क्रू आहे आणि कारखान्याचं अर्धवट सोललेलं लेबल आहे. ज्यांचे गळे कापले जाणार होते त्या सगळ्यांनी समजावणीच्या वेळी तो स्क्रू पाहिला.

भोंगा

आता ती.

ती बसस्थानकावर गाड्या पुकारायची. कुठली गाडी, कुठल्या फलाटावर, किती उशीर. नावाने तिला कुणी हाक मारत नसे. स्टँडवर सगळे स्पीकरबाई म्हणत, तेच घरापर्यंत पोचलं होतं. गळ्याला लिंबाएवढी गाठ. तपासणीत ती साधी दिसली होती. काढायची ठरली, कारण दिसत होती, आणि सरांच्या यादीत जागा होती. सोबत धाकटी नणंद, हातात पिशवी आणि तोंडाचा पट्टा चालू.

परीक्षा देणारी शिकाऊ डॉक्टरीण चष्मेवाली, अंगाने काडी. तिचे ओठ आधीपासून हलत होते, उजळणी करत.

“बसा मावशी. आपण तुमच्या ऑपरेशनबद्दल बोलू या.” मावशी म्हणताना ती सरांकडे बघत होती.

“बोल बाई,” स्पीकरबाई म्हणाली. खोली लहान होती, तो आवाज तिच्यात मावेना. “बोलण्यावर तर माझं पोट आहे.”

“आणि आमचं डोकं,” नणंद म्हणाली.

चष्मेवालीने सांगायला घेतलं. काप कुठे देणार, वण कातडीच्या घडीत कसा लपेल, पाणी कधी प्यायचं, गोळ्या कोणत्या. चांगलं सांगत होती. एकही वाक्य अडलं नाही. मला तिने फिरवलं नव्हतं, फिरवायची गरजच नव्हती. मी सरांकडेच होतो.

मध्येच स्पीकरबाईने विचारलं, “एक विचारू का? गळ्याचं ऑपरेशन म्हणजे, आवाजाला काही होत नाही ना? मी गाड्या पुकारते म्हणून म्हटलं.”

चष्मेवालीने तोंड उघडलं. तेवढ्यात नणंद म्हणाली, “मग तर माझा भाऊ सुखी होईल. लग्न झाल्यापासून बिचाऱ्याला एक दिवस उशिरा उठू दिलेलं नाही या वहिनीने. सकाळी सकाळी घरातच पुकारते, चला, सुटायची वेळ झाली.”

स्पीकरबाई सगळ्यांत मोठ्याने हसली. चष्मेवाली हसली. सरही हसले, आणि हसता हसता म्हणाले, “पण प्रश्न चांगला आहे हं. सांग बरं, काय होऊ शकतं?”

इथे नीट लक्ष द्या, मित्रांनो. सर स्टुलाकडे बघून बोलले असते तर प्रश्न त्या बाईचा राहिला असता. ते चष्मेवालीकडे बघून बोलले, आणि प्रश्न परीक्षेचा झाला.

चष्मेवालीची पाठ ताठ झाली. “रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह इंज्युरी, सर. युनिलॅटरल ऑर बायलॅटरल. टेम्पररी ऑर परमनंट.”

“कारणं?”

“ट्रॅक्शन, हीट, डायरेक्ट ट्रान्सेक्शन, सर.”

“मॉडेलवर दाखव.”

तिने मला उघडलं, ग्रंथी काढली, मागच्या रिकाम्या खोबणीवर बोट ठेवलं. “इथून जाते, सर. या मॉडेलमध्ये नाहीये.”

“हो, ती तुटलीय कधीचीच. पुढे.”

म्हणजे सगळं बोललं गेलं. आवाजाची नस, ती कशाने दुखावते, थोडे दिवस की कायमची, सगळं. त्याच खोलीत, त्या बाईपासून हातभर अंतरावर. तिच्या बाजूने मात्र माझी पाठ होती, स्क्रू होता, आणि परक्या शब्दांचा मारा.

नणंदेने हळूच विचारलं, “काय म्हणतायत गं वहिनी?”

“गप,” स्पीकरबाई कुजबुजली. “पोरीची परीक्षा चाललीय. आपण मध्ये बोललो तर मार्क जातील तिचे.”

आणि ती हाताची घडी घालून गप्प बसली. बोलण्यावर पोट असलेली बाई, एका परक्या पोरीचे मार्क जाऊ नयेत म्हणून गप्प बसली. मी अनेक गळे पाहिले आहेत. त्या क्षणी त्या गळ्यात जेवढी माया होती तेवढी कुठल्या चित्रात दाखवत नाहीत.

“काही शंका, मावशी?” शेवटी चष्मेवालीने विचारलं. हा प्रश्न विचारायलाही गुण असतात.

“नाही बाई. छान सांगितलंस.”

संमतीपत्रावर सही झाली. दारातून बाहेर पडताना स्पीकरबाईने मागे वळून सरांना विचारलं, “पास ना हो ती?”

“पास,” सर म्हणाले.

हवा

ऑपरेशनच्या खोलीत मी नसतो. तिथे खरे गळे असतात. गाठ नीट निघाली, रक्त फार गेलं नाही, जखम सुरेख भरली एवढं मी ऐकलं. गाठ साधीच होती.

काही आठवड्यांनी त्या दोघी पुन्हा या खोलीत आल्या. सर होते, आणि चष्मेवालीही. या वेळी पिशवी स्पीकरबाईच्या हातात होती आणि बोलत नणंद होती.

“डॉक्टर, वहिनीच्या तोंडून आवाजच निघत नाही. घरातल्या घरात ऐकू येत नाही, तिथे स्टँडवर काय होणार?”

सरांनी नीट तपासलं, आरशाने, दिव्याने, घाई न करता. “डावी नस दुखावलीय. व्यायाम सांगतो आवाजाचे. काही महिने वाट बघू. पुष्कळदा सुधारतं.” मग आरसा खाली ठेवत म्हणाले, “याची कल्पना तुम्हाला आधी दिली होती.”

स्पीकरबाईने विचारलं, “कुणी?”

तो शब्द मी ऐकला तेव्हा आधी कळलंच नाही की ती बोलली. फाटक्या पिशवीतून वारा जावा तसा आवाज. हवा जास्त, अक्षर कमी.

सरांनी चष्मेवालीकडे पाहिलं.

“मी सांगितलं होतं, मावशी,” ती म्हणाली. “तुमच्यासमोरच. सर पण होते.”

हे खोटं नव्हतं. खोटं असतं तर पकडता आलं असतं.

स्पीकरबाई तिच्याकडे बघत राहिली. आठवत होती बहुतेक, हसणं, मग ते भराभरा शब्द, आपली हाताची घडी. मग तिने श्वास गोळा केला.

“ते मला सांगत होतीस?”

सर टेबलाकडे बघत होते, म्हणजे माझ्याकडे. मी उघडाच होतो. सकाळच्या परीक्षेनंतर कुणी बंद केलं नव्हतं.

नणंद म्हणाली, “गाठ साधी निघाली म्हणता. मग थांबलो असतो तर चाललं असतं का?”

“तशी घाई नव्हती,” सर म्हणाले. “पण पुढे वाढली असती तर.”

“वाढली असती तर बघितलं असतं. तो विचार आम्ही केला असता ना. तेवढं तरी आमच्याकडे ठेवायचं.”

सरांनी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते मला समोरून बघूनही कळलं नाही.

दाराशी नणंदेचा बांध फुटला. “मीच हसवलं सगळ्यांना. ती सांगतच होती, मी मध्ये तोंड घातलं.”

स्पीकरबाईने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा हात तिच्या पाठीवर ठेवला. “तुझ्या भावाला सांग,” ती त्या वाऱ्यासारख्या आवाजात म्हणाली. “झाला सुखी.”

हा विनोदच होता. या वेळी कुणी हसलं नाही.

कडी

सगळे गेल्यावर चष्मेवाली खोलीत थांबली. कपाटाशी गेली, कडीतल्या पिवळ्या तारेचे पीळ उलगडले आणि तार माझ्या खोबणीत बसवायला लागली. तार कडीत राहून वाकडी झाली होती. ती सरळ करून दाबत होती, तेवढ्यात कपाटाचं दार उघडलं आणि हातमोज्यांची खोकी धडाधड खाली आली.

सर दारात आले. “कपाट कुणी उघडं टाकलं?”

“मी, सर.”

“बांधून टाक.”

तिने खोकी उचलून आत लावली. मग तार माझ्यातून काढली, कडीत ओवली आणि पीळ दिले. चष्मा पुसला. जाताना तिने मला एका हाताने फिरवलं, स्टुलाकडे तोंड करून.

पुढच्या परीक्षेला पुढच्या मुलाने मला पुन्हा सरांकडे फिरवलं. सरांनी त्याला काही म्हटलं नाही. चष्मेवाली शिकून दुसऱ्या गावी गेली. तिकडे तिची खुर्ची टेबलाच्या कुठल्या बाजूला असते, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

स्पीकरबाईचा आवाज थोडा परतला. घरापुरता. भोंग्यापुरता नाही. स्टँडवर आता यंत्र बोलतं, आणि तिला बसचे पास देण्याच्या खिडकीत बसवलंय. जाड काच, मध्ये वाटीएवढं भोक. लोक भोकाला कान लावून तिला म्हणतात, “जरा मोठ्याने बोला की.” नणंद मागे एकदा स्वतःचं दुखणं घेऊन आली होती, तेव्हा तिने हे सांगितलं. त्या वेळी ती आधी टेबलाला वळसा घालून सरांच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि मला समोरून बघत म्हणाली, “आता सांगा.” सरांना ते आवडलं नाही, पण सांगितलं त्यांनी.

मित्रांनो, माझ्यासारखे बाकीचे शेवटी सांगतात, आमच्यावरची धूळ पुसा, आम्हाला अडगळीत टाकू नका. माझी तशी काही तक्रार नाही. मला रोज पुसतात. परीक्षा असते ना.

तुमच्यातले काही जण डॉक्टर होतील. बाकीचे पेशंट तर होतीलच. डॉक्टर झालात, तर एक करा: ज्याचा गळा आहे त्याच्याकडे माझं तोंड फिरवा. बूड त्यासाठीच केलेलं आहे, अजून कुरकुरत नाही. आणि पेशंट झालात, तर कुणाच्या मार्कांची काळजी करू नका. स्टुलावरून उठा, या बाजूला या, आणि विचारा, हे मला सांगताय का? उत्तर येईपर्यंत उभे राहा. माझी आवाजाची नस कपाटाला बांधलेली आहे. माझ्याच्याने विचारलं जात नाही.

नणंदेने जाता जाता आणखी एक सांगितलं: इस्पितळात भरती व्हायला स्पीकरबाई ज्या बसने आली, त्या बसची घोषणा त्या सकाळी तिनेच केली होती.